शून्य दशांश सात

तळ्याचा रंग बघून मी सांगतो
मीठ किती पिकलंय.
आधी निळं, मग पोपटी,
दीडेक वर्षाने तेलासारखं पिवळं.
खरं काम ऊन करतं. आम्ही पंप राखतो.
आताकामाच्या या पांढऱ्या रानात
बावीस वर्षं मी रंग वाचतोय,

आणि यास्नाचा रंग बदलला
तो मला वाचता आला नाही.

पहिल्यांदा ती चाळीस दिवस झोपून होती.
तोकोनाओच्या दवाखान्यात लिहिलं, अशक्तपणा.
पुढच्या वर्षी लिहिलं, नैराश्य. गोळ्या दिल्या.
त्या गोळ्यांनी ती उठली
आणि उठतच गेली.
रात्री दोन वाजता स्वयंपाकघराला निळा रंग.
माझी गाडी विकून अकरा शिवणयंत्रं.
का गं, म्हटलं, तर हसली.
हसणं संपेना
तेव्हा मी दाराला कडी लावली. बाहेरून.
हे लिहिताना हात थांबतो.

मेहुणी म्हणाली, घाबरून तिचा जीव
वाटेत कुठेतरी मागे राहिलाय,
तिचे कपडे घेऊन जा, हाका मार.
गेलो. कोरड्या ओढ्यात
तिचा स्वेटर उंच धरून, नावाने, अंधार पडेपर्यंत.

कालामाच्या डॉक्टर मिर्ता व्हेनेगासना हे सांगितलं
तेव्हा त्या हसल्या नाहीत.
विचारलं, हाका मारून झाल्यावर
तुम्हाला कसं वाटलं?
आणि मग: घरात पूर्वी कुणी
असं फार जागायचं का?

अनास्तासियो. माझा काका.
कुणी न सांगता चर्चचा पाया आखायला
तीन रात्री चालत सरहद्दीपर्यंत गेलेला.
पुढच्या हिवाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडला
तो उठलाच नाही.
आम्ही त्याला दारुड्या म्हणायचो. सोपं होतं.
डॉक्टरांनी कागदावर एक चौकोन काढला, काळा भरला,
बऱ्याच खाली एक गोल, तोही.
म्हणाल्या, रक्तातून आलेलं सगळं उगवतंच असं नाही,
निमित्त लागतं.
परतीच्या बसमध्ये मी निमित्तं मोजत राहिलो:
तिच्या आईचं जाणं, रात्रपाळ्या,
ती कडी.

पाकिटावरचं नाव मी दोनदा वाचलं.
लिथियम कार्बोनेट, तीनशे.
डॉक्टर, म्हटलं, हे तर मी पिकवतो.

आमचं मीठ गाड्यांना जातं, फोनना जातं.
त्यातली एखादी चिमूट
कुठल्या कुठल्या कारखान्यांतून फिरून
माझ्याच पोरीच्या जिभेवर आली असेल
तर खाल्ल्या मिठाला कोणी कसं जागायचं?

फार सरळ नाही हे. तिचे हात कापतात,
कप भरून देता येत नाही.
तहान लागते, रात्री तीनतीनदा.
दर काही आठवड्यांनी दंडातून रक्त:
जरा जास्त झालं की विष,
जरा कमी झालं की काहीच नाही.
एकदा तिने बंद केलं. म्हणाली, बाबा,
जग धुतल्यासारखं फिकट दिसतं.
मी काय बोलणार?
सहा आठवड्यांनी कालामाच्या वॉर्डात भेटलो.
यावेळी दार आतून तिने स्वतः उघडलं.

आणि परवा कंपनीच्या फाटकासमोर
गावकरी बसले होते, खाऱ्या पाण्यासाठी,
सरोवर आटतंय, रोहित पक्षी कमी झालेत म्हणून.
दुसऱ्या रांगेत यास्ना.
हातात फलक, खिशात पाकीट.
माझ्या पाळीची बस तिच्यासमोरून आत गेली.
तिने हात केला.
कापरा हात. मीही केला.

रात्री विचारलं, माझ्यावर राग आहे?
म्हणाली, पंपावर आहे.
मग रिपोर्ट पुढे सरकवला. शून्य दशांश सात.
बरोबर मधोमध.

डॉक्टरांनी बजावलंय,
जेवणातलं मीठ रोज सारखंच असू द्या,
कमीजास्त झालं की रक्तातलं गणित चुकतं.
म्हणून मी आता सूप करताना
चमचा भरतो, सुरीच्या पात्याने
वरचा ढीग हळूच कापून टाकतो.
सपाट.
मग पुन्हा एकदा बघतो.